बरणीच्या तोंडावरचं करिअर

आजी लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायची. आता दुकानातल्या बरणीचं झाकण फिरवलं की खाली चकचकीत फॉइल लागतं. काम तेच, पण अट दुहेरी. दुकानात महिनोन्‌महिने तेलाचा थेंब बाहेर येता कामा नये, आणि घरी आणल्यावर मात्र आजीच्या दुखऱ्या बोटांनीही ते एका ओढीत निघालं पाहिजे. ही अट सांभाळण्याचा पगार मिळतो, हे बहुतेक आईवडिलांच्या गावीही नसतं.

फॉइल मुळात झाकणाच्या आत बसवलेलं असतं. बंद बरणी इंडक्शन कॉइलखालून सरकते, ॲल्युमिनियम तापतं आणि त्याच्या खालचा प्लास्टिकचा पापुद्रा वितळून काठाला चिकटतो. सांगायला सोपं! बरणी पेट प्लास्टिकची आहे की एचडीपीईची, त्यावर पापुद्रा बदलतो. काठावर मसाल्याचं तेल सांडलं तर सील धरत नाही. ताप जास्त झाला तर फॉइल करपतं, कमी पडला तर ट्रकमध्येच सुटतं. म्हणून या कामाला ‘डिझाइन’ म्हणतात तेव्हा चित्रकलेची वही काढू नका. इथे लागतं ते रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि बराचसा चिवटपणा.

शिवाय सील म्हणजे साक्षीदारही. 1982 मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड घातलं. सात जण दगावले. त्यानंतर अमेरिकेत दुकानात थेट मिळणाऱ्या औषधांना, कुणी आधी उघडलं असेल तर लगेच दिसेल असं वेष्टन सक्तीचं झालं.

आता हे काम शिकायचं कुठे? ‘बी.एस्सी. करून पुढे काय?’ या प्रश्नाने ज्यांच्या घरात जेवण गोड लागत नाही, त्यांनी अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगची चौकशी जरूर करावी. 1966 मध्ये स्थापन झालेली ही संस्था केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि तिथे पॅकेजिंगचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. इंजिनिअरांनाही तो खुला आहे. नेरूळला एसआयईएसमध्येही हा विषय शिकवतात. पात्रतेचे नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

एक मात्र स्पष्ट सांगतो. ज्याला कारखान्याचा आवाज, पाळी आणि ‘माल गळतोय’ असा अवेळी फोन सोसणार नाही, त्याने इकडे फिरकू नये. बाकीच्यांनी या रविवारी घरातली पाच पाकिटं कात्रीशिवाय उघडून पाहावीत, आणि कोणतं कुठे फाटलं ते लिहून ठेवावं.