हिमावरील धाव

जेऊरच्या उन्हात धावणाऱ्यास सुती सदरा सुखावतो. हिमप्रदेशात तोच वैरी ठरतो. लडाखमधील पँगाँग सरोवर सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याच्या गोठलेल्या पृष्ठभागावर २१ किलोमीटरांची शर्यत झाली. अशा शर्यतीपूर्वी काही दिवस तेथे राहून विरळ हवेची सवय करावी लागते. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि तो ओलावा अंगातील उष्णता हिरावून घेतो. म्हणून आत लोकरीचा पातळ कपडा घालून वर आणखी थर चढवावेत. घाम येऊ लागताच एक उतरवावा. बोटे बधिर होताच मात्र धाव सोडून उबेचा आश्रय घ्यावा. हट्टापायी बोट कायमचे गमावण्याचा संभव असतो. मुलांनो, वेळीच थांबणे हा भ्याडपणा नव्हे. तोही तयारीचाच भाग होय.