सर्व्हरच्या बाजारात एएमडी : भागधारकाच्या नजरेतून

चिप बनविणारी एखादी कंपनी सर्व्हरच्या क्षेत्रात उतरू पाहते, तेव्हा गुंतवणूकदाराचे लक्ष साहजिकच चिपच्या वेगाकडे जाते. अमेरिकेतील एएमडी या कंपनीचा इतिहास मात्र ताळेबंदही तितक्याच बारकाईने वाचावयास लावतो.

एप्रिल २००३ मध्ये एएमडीने 'ऑप्टेरॉन' हा प्रोसेसर बाजारात आणला. मोठ्या सर्व्हरसाठी इंटेलचा भर त्या वेळी 'इटॅनियम'वर होता. त्यावर जुनी ३२ बिट सॉफ्टवेअर मंदावत. ऑप्टेरॉनवर मात्र जुनी व नवी ६४ बिट सॉफ्टवेअर सारख्याच सहजतेने चालत. सर्व्हरच्या ग्राहकाला हेच हवे असते. बँकेसारख्या संस्थेला खात्यांची प्रणाली तासभरही बंद ठेवणे परवडत नाही; नवा पुरवठादार ती प्रदीर्घ चाचण्यांनंतरच स्वीकारते. तरीही आयबीएम, सन व एचपी यांनी ऑप्टेरॉन स्वीकारला आणि २००६ मध्ये तोवर केवळ इंटेलच्या चिप वापरणारी डेलही वळली. खुद्द इंटेलला २००४ मध्ये एएमडीची ६४ बिट पद्धत अंगीकारावी लागली, हे यश लहान नव्हे.

भागधारकाच्या पदरी मात्र निराळेच आले. २००६ च्या प्रारंभी चाळीस डॉलरवर गेलेला शेअर २००८ च्या अखेरीस दोन डॉलरच्या आसपास घसरला. जागतिक मंदी हे त्याचे एकच कारण नव्हते. इंटेलने २००६ मध्ये सरस चिप आणल्या. त्याच वर्षी एएमडीने सुमारे ५.४ अब्ज डॉलरला एटीआय ही कंपनी घेतली आणि त्यासाठी मोठे कर्ज काढले. पुढील 'बार्सिलोना' चिप २००७ मध्ये विलंबाने, तीही सदोष निघाली. कारखान्यांचा खर्च तर थांबतच नव्हता. ते २००९ मध्ये अबुधाबीच्या भांडवलाने वेगळे करण्यात आले.

२०१४ मध्ये लिसा सू यांनी सूत्रे हाती घेतली, २०१७ मध्ये 'एपिक' मालिका आली आणि सर्व्हरचा गमावलेला बाजार हळूहळू परतला. चाळीस डॉलरचा भाव पुन्हा दिसण्यास २०१९ चा अखेर उजाडला. मधल्या काळात लाभांश नाही. भारतीय गुंतवणूकदाराला डॉलर सुमारे ४४ रुपयांवरून ७१ वर गेल्याचा लाभ मिळाला असता. तो धरूनही परतावा वार्षिक साडेतीन टक्क्यांच्या आसपासच भरतो. २००६ मध्ये बचत खात्याचा व्याजदरही साडेतीन टक्केच होता.