आपला बाप्पा पोचला ना?

गेल्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी लेकीला शाळेत सोडायला निघाले होते. पुलाखाली नदीकाठाला मूर्ती अडकलेल्या. कुठे हात, कुठे सोंड. स्कूटरवर मागून तिनं विचारलं, "आई, आपला बाप्पा पोचला ना गं त्याच्या गावाला?" मला काही बोलता आलं नाही.

आपण मुद्दाम थोडंच करतो? ऑफिसातून येता येता दुकानात शिरायचं, समोरची चकचकीत मूर्ती पसंत करायची आणि घर गाठायचं. ती कशाची, हे विचारायचं राहूनच जातं.

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेलं जिप्सम. त्याची भुकटी पाण्यात कालवली की घट्ट होते, आणि अशी मूर्ती पाण्यात सहज विरघळत नाही. शाडूच्या मूर्तीची मात्र पाण्यात पुन्हा मातीच होते. आपली पूजाही पार्थिव गणपतीची, म्हणजे मातीच्याच मूर्तीची. हे ठाऊक असून मी घाईत विसरले होते.

यंदा वीतभर शाडूची मूर्ती आणली. लेकीचा चेहरा पडला. "मैत्रिणीकडचा केवढा मोठाय!" प्रदूषण समजावत बसले असते, तर ती अजूनच हिरमुसली असती. म्हणून शाडूचा एक गोळा तिच्या हातात दिला. तिनं उंदीर केला, एक कान लहान, एक मोठा. आल्यागेल्याला आधी तो उंदीर दाखवायची!

एक मात्र सांभाळा. "तुमचा बाप्पा नदी घाण करतो," असं आपलं मूल शेजारी जाऊन बोललं, तर तिथल्या मुलाच्या मनाला लागतं. त्याचाही बाप्पा लाडकाच असतो.

आणि प्लास्टरची मूर्ती घरी आलीच असेल, तर मनाला लावून घेऊ नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं दाखवलेल्या पद्धतीनं, अमोनियम बायकार्बोनेट घातलेल्या पाण्यात ती बादलीतच विरघळवता येते. फक्त बादली गॅलरीत, मोकळ्या हवेत ठेवा; वास उग्र असतो.

आमचं विसर्जनही बादलीतच झालं. लेक रडली, मीही तिला रडू दिलं. सकाळी तिनं पाण्यात हात घातला, तर तळाशी मऊ माती. ती वाळवून आम्ही डब्यात भरून ठेवली आहे. पुढच्या वर्षी त्यातून मोदक करायचा, असं तिनं ठरवलंय.

बाप्पा पोचला का, हे तिनं या वेळी विचारलं नाही.