उपग्रहावर पेपर लिहिणाऱ्या भाचीसाठी

भाचीबाई, विषय घेतलास 'कृत्रिम उपग्रह', आणि हातात एकच सत्र. उत्साह दांडगा आहे, तो तसाच राहू दे. त्याला फक्त वहीची आणि वेळापत्रकाची सवय लावायची आहे. सगळे कानमंत्र एका दमात वाचू नकोस. दोन वाचायचे, त्यातला एक लगेच करायचा.

१. 'कृत्रिम उपग्रह' हा विषय झाला, प्रश्न नाही. आधी एक वाक्य लिही, ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह येईल — विषयाला अंत नसतो, प्रश्नाला असतो.

२. पवईची पोरं बघ. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी सुमारे १० किलोचा 'प्रथम' हा उपग्रह बनवला आणि त्याला मुख्य काम एकच दिलं, आयनांबरातले इलेक्ट्रॉन मोजायचं — एका कामाचा हिशेब लागतो, दहा कामांची नुसती धावपळ होते.

३. तुझा प्रश्न गॅलरीतून दिसणारा असू दे. जोराची सर आली की डिशवरचं चित्र का अडकतं, हे अंधेरीपासून मुलुंडपर्यंत घरोघर विचारलं जातं — आणि जे घरात मोजता येतं त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

४. वाचायला बसण्याआधी तुझा अंदाज लिही आणि खाली तारीख टाक — निकाल हाती आला की 'मला माहीतच होतं' असं प्रत्येकालाच वाटतं.

५. मग वाच. उपग्रहाकडून डिशला येणारे संदेश साधारण १२ गिगाहर्ट्झचे, म्हणजे तरंगलांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास; पावसाचे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात — हे कारण समजलं की नुसता पाऊस नाही, पावसाचा जोर मोजायला हवा हेही कळतं.

६. उपनगरासाठी पावसाचे आकडे सांताक्रूझ वेधशाळेचे घे, कुलाब्याचे नकोत — २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुलाब्याने शंभरीसुद्धा गाठली नव्हती.

७. ते आकडे सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचे असतात. म्हणून चित्र गेलं कधी आणि आलं कधी, दोन्ही वेळा घड्याळात बघून लिही — दिवसाची बेरीज सरीचा जोर सांगत नाही.

८. पावसाला दोष देण्याआधी केबलचे जोड तपास — सर थांबून तासभर झाला तरी चित्र येत नसेल, तर गुन्हेगार ढगात नाही, गच्चीवर आहे.

९. धो-धो पाऊस पडूनही चित्र टिकलं, तो दिवसही लिहायचा — सोयीचे दिवस तेवढे मोजले की उत्तरही सोयीचंच येतं.

१०. कॅलेंडर पावसाकडे बघून आख: वही जूनआधी तयार हवी, आणि गणपतीचे दिवस आत्ताच वजा कर — पाहुणे आल्यावर आकडेमोड होत नाही, मोदक होतात.

११. पाऊस नको, आकाश हवं असं वाटलं तर अवकाश स्थानक बघण्याचं काम नोव्हेंबरनंतर ठेव. आणि गच्चीवर मध्यरात्री जाऊ नकोस; सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयाआधीच्या तास-दीड तासात जा — खाली अंधार आणि ४०० किलोमीटर वर ऊन असेल, तरच ते चमकतं.

१२. डिशची दिशा मोजताना मोबाइलचं होकायंत्र ग्रिलपासून लांब धर — लोखंडाच्या शेजारी उत्तर दिशाही खोटं बोलते.

१३. आकडा लिहिला की त्याच श्वासात एकक लिही — १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाशी पोचून हातचं गेलं, कारण पौंडाच्या मापात निघालेले आकडे न्यूटनच्या मापातले धरले गेले.

१४. उंची लिहिताना 'कुठून' हेही लिही: भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटरवर, पण पृथ्वीच्या केंद्रापासून ४२,१६४ वर — दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणून तर घोळ होतो.

१५. तारखेबरोबर कोणतं घड्याळ तेही सांग — स्पुटनिक-१ जागतिक वेळेनुसार ४ ऑक्टोबर १९५७ ला उडाला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचा एक वाजत आला होता आणि तारीख ५ लागली होती.

१६. उपग्रह, रॉकेट आणि मोहीम यांना तीन वेगळे रकाने दे. 'प्रथम' हा उपग्रह, पीएसएलव्ही हे रॉकेट, सी-३५ ही मोहीम, २६ सप्टेंबर २०१६ — त्या उड्डाणात आठ उपग्रह होते, आणि रकाना चुकला की ३७१ किलोच्या स्कॅटसॅट-१ चं वजन बिचाऱ्या 'प्रथम'च्या नावावर चढतं.

१७. विद्यार्थ्यांच्या उपग्रहांवरच लिहायचं ठरलं, तर 'प्रथम'शेजारी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' ठेव. तो २२ जून २०१६ ला गेला, वजन किलोभराच्या आत. दोन पुरेत — दोघांची तुलना होते, विसांची नुसती यादी होते.

१८. बिघाड झाकू नकोस. १९ एप्रिल १९७५ ला गेलेल्या 'आर्यभट'चे प्रयोग वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे काही दिवसांतच थांबले, तरी उपग्रह बांधायचा कसा हे आपण त्यातूनच शिकलो — काय फसलं हे लिहिलेलं असलं की बाकीच्यावर विश्वास बसतो.

१९. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाचं ग्रंथालय असो की चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद, निघण्याआधी फोन करून वेळ विचार — कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने बंद दारापर्यंत जाण्यात व्यायाम होतो, अभ्यास नाही.

२०. पुस्तक उघडलंस की नाव, लेखक, वर्ष आणि पान पहिल्याच ओळीत उतरव — शेवटच्या रात्री मुखपृष्ठाचा रंग आठवतो, नाव आठवत नाही.

२१. गाइडकडे जाताना एक पान आणि तीन नेमके प्रश्न ने — 'कसं वाटतंय?' विचारलंस तर 'छान' एवढंच मिळेल, आणि 'छान'ने पेपर पुढे सरकत नाही.

२२. वही अशी लिही की उद्या दुसऱ्या कोणालाही पुढे नेता यावी. 'प्रथम'चं काम २००७ मध्ये सुरू झालं आणि उड्डाण २०१६ मध्ये — मधल्या काळात किती तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्या असतील. माणसं जातात, काम नोंदीवर चालतं.

२३. आधी 'कसं मोजलं' ते लिही, मग 'काय सापडलं', आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी — कुठे पोचलीस ते कळल्यावरच कुठून निघालीस ते नीट सांगता येतं.

२४. एका डिशवरून साऱ्या मुंबईचा निष्कर्ष काढू नकोस. 'मुलुंडच्या आमच्या इमारतीत, या पावसाळ्यात' इतकंच म्हण — परीक्षकाने खोदून विचारलं, तर तेवढ्याचं उत्तर तुझ्या वहीत पानासकट असेल.

तुझी आत्या