भाताचा जनुकसंच आणि सार्वजनिक निधी

प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या आनुवंशिक गुणांची नोंद डीएनए नावाच्या रेणूत साठवलेली असते. ही नोंद चार रासायनिक घटकांच्या क्रमाने बनते. जणू चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला तो एक ग्रंथच होय. या समग्र नोंदीला जनुकसंच असे म्हणतात. तो अक्षरशः वाचून काढण्याचे काम खर्चाचे, दीर्घकाळ चालणारे आणि तात्काळ फळ न देणारे असते. म्हणूनच हा खर्च कोणी करावयाचा आणि वाचलेल्या मजकुरावर अधिकार कोणाचा, हे दोन प्रश्न आरंभापासून एकमेकांशी निगडित राहिले आहेत.

सूक्ष्मजीवांच्या क्षेत्रात या प्रश्नांचे एक उत्तर यीस्टच्या उदाहरणातून मिळाले. पाव फुगविणाऱ्या या सूक्ष्म बुरशीचा जनुकसंच वाचण्याचे काम १९८९ साली युरोपीय समुदायाच्या अर्थसाहाय्याने सुरू झाले. पुढे उत्तर अमेरिका व जपान येथील प्रयोगशाळाही त्यात सामील झाल्या. सुमारे ६०० शास्त्रज्ञांनी १६ गुणसूत्रे आपसांत वाटून घेतली आणि १९९६ साली सुमारे १.२ कोटी अक्षरांचा क्रम जगासमोर ठेवला. काम वाटून घ्यावे व फळ सर्वांना खुले असावे, ही पद्धत त्यातून दृढ झाली.

हीच पद्धत भाताच्या बाबतीत अधिक मोठ्या प्रमाणावर अवलंबिली गेली. प्रमुख तृणधान्यांत भाताचा जनुकसंच सर्वांत लहान, म्हणजे सुमारे ३९ कोटी अक्षरांचा आहे. गव्हाचा त्याच्या जवळजवळ चाळीसपट आहे. त्यामुळे इतर धान्यांच्या अभ्यासाचा पाया म्हणून भाताची निवड होणे स्वाभाविक होते. जपानमधील त्सुकुबा येथे १९९१ पासून हे संशोधन चालू होते. त्याला कृषी मंत्रालयाप्रमाणेच घोड्यांच्या शर्यतींतून मिळणाऱ्या उत्पन्नाचाही आधार होता. १९९८ साली जपानच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय प्रकल्प उभा राहिला व त्यातील देशांनी भाताची १२ गुणसूत्रे वाटून घेतली. भारत २००० साली त्यात सहभागी झाला. जैवतंत्रज्ञान विभाग व भारतीय कृषी संशोधन परिषद यांच्या निधीतून दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर आणि राष्ट्रीय वनस्पती जैवतंत्रज्ञान संशोधन केंद्र यांनी अकराव्या गुणसूत्राचा एक भाग वाचला.

याच सुमारास खाजगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. मोन्सॅन्टोने एप्रिल २००० मध्ये भाताच्या जनुकसंचाचा कच्चा आराखडा तयार झाल्याचे जाहीर केले. सिन्जेन्टाने आपला आराखडा २००२ साली प्रसिद्ध केला. मात्र मूळ माहिती सार्वजनिक संग्रहात न ठेवता ती कंपनीच्या अटींवर उपलब्ध करून देण्यात आली. त्यावर शास्त्रज्ञांच्या वर्तुळात तीव्र वाद झाला. पुढे या दोन्ही कंपन्यांनी आपली सामग्री आंतरराष्ट्रीय प्रकल्पाला दिली व त्यामुळे कामाला वेग आला, हेही नमूद केले पाहिजे. परंतु कच्च्या आराखड्यात उरलेल्या फटी भरण्याचे कष्टाचे काम सार्वजनिक प्रकल्पानेच पूर्ण केले. ऑगस्ट २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम क्रमात जनुकसंचाचा सुमारे ९५ टक्के भाग आला होता आणि दहा हजार अक्षरांमागे एकाहून कमी चूक होती. भातावर करपा रोग आणणाऱ्या बुरशीचा जनुकसंचही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पीक व त्याचा शत्रू या दोहोंचा मजकूर अशा प्रकारे अभ्यासकांच्या हाती आला.

या खर्चाचा शेतकऱ्याला काय लाभ झाला, हा प्रश्न रास्त आहे. पूर्व भारतातील सखल शेतांत पुराचे पाणी साचते, तेव्हा आठवडाभर बुडालेले भाताचे पीक बहुधा नष्ट होते. ओडिशातील एका स्थानिक वाणातून निवडलेले एफआर-१३ए हे भात मात्र सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरते. त्याचे रहस्य नवव्या गुणसूत्रावर आहे, हे १९९६ साली कळले होते. नेमके जनुक २००६ साली सापडले व त्याला सब-१ए हे नाव मिळाले. पाण्याखाली असताना हे जनुक रोपाची वाढ रोखते आणि साठविलेले अन्न वाचविते. पाणी ओसरल्यावर रोप पुन्हा वाढू लागते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने वाचलेल्या निप्पोनबारे या जपानी वाणात सब-१ए हे जनुकच नाही. खुल्या क्रमाशी पूर सोसणाऱ्या भाताची तुलना केली, तेव्हाच त्याचे वेगळेपण उघड झाले. म्हणजे केवळ क्रम पुरेसा नव्हता, आणि केवळ जुने बियाणेही पुरेसे नव्हते. त्यानंतर फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत स्वर्णा या लोकप्रिय भारतीय वाणात हा गुण संकराने आणला गेला. तयार झालेले स्वर्णा-सब१ भारतात २००९ साली प्रसारित झाले. भात स्वपरागित असल्याने या वाणाचे बी शेतकरी स्वतः राखू शकतो.

यावरून सार्वजनिक निधीचे खरे कार्य स्पष्ट होते. जनुकसंच वाचणे ही साखळीतील एक कडी आहे. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली वाणे जतन करणारी बीजपेढी, क्रम वाचणारी प्रयोगशाळा, सर्वांना खुला असलेला माहितीसंग्रह आणि चिखलात उभे राहून संकर करणारा पैदासकार या सर्व कड्या जुळल्या, तेव्हाच पाण्यात बुडालेले शेत पुन्हा हिरवे झाले. यांपैकी कोणतीही एक कडी निधीअभावी तुटली, तर उरलेल्या कड्यांवर झालेला खर्चही निष्फळ ठरतो.