ग्रंथदान कसे करावे? : आफ्रिकेतील शाळांचा धडा

दहा पारमितांमध्ये दानाचा समावेश आहे. परंतु घरातील अडगळ बाहेर काढणे म्हणजे दान नव्हे. घेणाऱ्याची गरज जाणून दिलेले तेच खरे दान. आफ्रिकेतील ग्रामीण शाळांच्या ग्रंथालयांवरून ही गोष्ट फार चांगली समजते. म्हणून सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे आम्ही हा विषय मांडीत आहोत.

१९५४ साली लेडी रॅनफर्ली यांनी बहामा बेटांवर दान मिळालेल्या पुस्तकांतून ग्रंथालय सुरू केले. त्यांच्या पतीची तेथे गव्हर्नर म्हणून नेमणूक झाली होती. पुढे हे काम वाढून प्रामुख्याने आफ्रिकेत पोहोचले आणि १९९४ मध्ये संस्थेचे नाव 'बुक एड इंटरनॅशनल' झाले. आरंभी ही संस्था वापरलेली पुस्तके पाठवीत असे. आता ती प्रकाशकांकडून मिळालेली नवी पुस्तके पाठविते. मिळेल ते पाठविण्याऐवजी उपयोगी पडेल ते पाठवावे, हा या बदलाचा अर्थ आहे.

अमेरिकेतील 'आफ्रिकन लायब्ररी प्रोजेक्ट' ही संस्था २००५ साली स्थापन झाली. लेसोथो, मलावी, घाना इत्यादी देशांत तिने शाळांना ग्रंथालये उभारण्यास मदत केली. तिची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. एक गट एका ग्रंथालयासाठी सुमारे १००० पुस्तके गोळा करतो व वाहतुकीचा खर्चही उभा करतो. मात्र खोली, मांडण्या आणि ग्रंथालय सांभाळणारा माणूस ही जबाबदारी शाळेची व गावाची असते. गावाचा वाटा असला म्हणजे ग्रंथालय गावाला आपले वाटते.

तरीही एक अडचण उरते, ती भाषेची. परदेशातून येणारी पुस्तके बहुतेक इंग्रजी असतात. लेसोथोतील मूल घरी सेसोथो बोलते, मलावीतील अनेक मुले चिचेवा बोलतात. वरच्या वर्गांसाठी इंग्रजी लागतेच. पण वाचनाची गोडी मातृभाषेतून लागते. याच हेतूने दक्षिण आफ्रिकेतून २०१४ साली 'आफ्रिकन स्टोरीबुक' हा उपक्रम सुरू झाला. त्यातील अनेक आफ्रिकी भाषांतील गोष्टी कोणालाही विनामूल्य घेता व छापता येतात.

युगांडातील मसाका शहराजवळच्या किटेंगेसा गावात १९९९ साली एका पेटीतील पुस्तकांनी ग्रंथालयाचा आरंभ झाला. पुढे स्वतंत्र इमारत झाली, सौर दिवे आले. तेथे काही विद्यार्थी ग्रंथालयात काम करून आपली शाळेची फी भागवितात. म्हणजे पुस्तकांबरोबर शिक्षणही टिकते.

यावरून पुढील नियम निघतात :

१) आधी शाळेला विचारावे, मग पुस्तके गोळा करावीत.
२) जागा व जबाबदार माणूस ठरल्याशिवाय पुस्तके देऊ नयेत.
३) फाटकी, कालबाह्य पुस्तके वेगळी काढावीत.
४) मातृभाषेतील पुस्तकांसाठी रक्कम राखून ठेवावी.
५) देवघेवीची नोंदवही असावी. पुस्तक हरवेल या भीतीने कपाटाला कुलूप लावले, तर दान वाया गेले असे समजावे.

आपल्याकडेही जयंतीला हारांऐवजी वह्या-पेन व पुस्तके देण्याची चांगली प्रथा रुजली आहे. बाबासाहेबांनी 'राजगृह' बांधताना ग्रंथांसाठी खास जागा केली होती. त्या वारशाला शोभेल असेच आपले ग्रंथदान असावे. जे पुस्तक आपल्या मुलाच्या हाती देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलासाठीही देऊ नये.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय : आपल्या शाळेच्या ग्रंथालयातून गेल्या महिन्यात किती पुस्तके वाचावयास दिली गेली, ते नोंदवहीत पाहा. संख्या कमी असल्यास कारणे शोधून शिक्षकांशी चर्चा करा.