अपस्मारातील मस्तिष्क-शल्यकर्मानंतर गृही परतलेल्या रुग्णाची परिचर्या

अपस्माराचा रुग्ण वैद्याला नवा नाही. मात्र अपस्मारासाठी मस्तिष्कावर शस्त्रक्रिया करवून घरी परतलेला रुग्ण आपल्या चिकित्सालयात येऊ लागला तो गेल्या दोन-तीन दशकांत. वेल्लोर येथे डॉ. जेकब चँडी यांनी १९५२ साली अशी शस्त्रक्रिया केली होती; परंतु नियमित स्वरूपाचे कार्य तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून उभे राहिले आणि त्यानंतर इतर मोठ्या शहरांतही ही सोय झाली. शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवड्याभरात रुग्ण घरी येतो. पुढील दोन-तीन महिने शल्यविद् दूरच्या शहरात असतो आणि वैद्य गल्लीत असतो. सल्ला साहजिकच वैद्याला विचारला जातो. आपले उत्तर चुकल्यास त्या रुग्णाचे काय होऊ शकते, हे ध्यानी यावे म्हणून हा लेखप्रपंच.

सर्वाधिक प्रमाणात होणारी शस्त्रक्रिया टेम्पोरल लोबच्या पुढील भागाची असते. दोन योग्य औषधे योग्य मात्रेत देऊनही वेग थांबत नाहीत, तेव्हा पूर्ण तपासणीअंती हा मार्ग निवडला जातो. कॅनडात ८० रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण वर्षअखेरीस संज्ञानाश करणाऱ्या वेगांपासून मुक्त होते. केवळ औषधांच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. फल निःसंशय मोठे आहे. तरी उरलेल्या बेचाळीस टक्क्यांचा विसर पडू देऊ नये.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी एका तरुणाचे वडील माझ्याकडे आले. मुलास एकही वेग आला नव्हता. त्यांचा प्रश्न सरळ होता : “वैद्यराज, मूळच काढून टाकले, तर आता या गोळ्या कशासाठी? तुमचे काही सौम्य औषध द्या.” हा प्रश्न प्रत्येक वैद्यासमोर कधी ना कधी येणारच. त्याचे उत्तर एकच असावे : गोळ्या बंद करावयाच्या नाहीत, कमी करावयाच्या नाहीत आणि त्यांच्या वेळाही बदलावयाच्या नाहीत. शस्त्रक्रियेने वेगाचे उगमस्थान काढले, तरी भोवतालचे मस्तिष्क अद्याप क्षुब्ध असते. औषधे सामान्यतः वर्ष-दोन वर्षे चालू ठेवून मग मेंदूविकारतज्ज्ञ ती क्रमाक्रमाने उतरवतात. एकाएकी बंद केल्यास वेगांमागून वेग येऊन प्राणावर बेतू शकते. सूज उतरण्यासाठी स्टेरॉइड दिलेले असेल, तर तेही सांगितलेल्या क्रमानेच उतरवावे.

औषध बंद न करता आपले औषध सोबत दिले तर? येथे शंखपुष्पीचे उदाहरण प्रत्येकाने लक्षात ठेवावे. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांचे वेग शंखपुष्पीयुक्त कल्प सुरू केल्यावर पुन्हा उसळले, असे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात आढळले. पुढे उंदरांवरील प्रयोगात, कल्प अनेक दिवस दिल्यावर रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटते, हे दिसून आले. हे संशोधन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट, पिप्पली व मरिच यांतील पायपेरिन हे फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण वाढवते. म्हणजे एक मेध्य द्रव्य औषध निष्प्रभ करते, तर अग्निदीपनासाठी सहज दिलेले त्रिकटू चूर्ण त्याची मात्रा वाढवून भ्रम, चालताना झोक जाणे, अशी लक्षणे उत्पन्न करू शकते. स्वयंपाकातील चिमूटभर मिऱ्यांविषयी हे म्हणणे नाही. औषधी मात्रेविषयी आहे. सारस्वतारिष्ट, अश्वगंधारिष्ट यांत स्वयंजनित मद्यांश असतो, ही गोष्ट गुंगी आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत विसरून चालणार नाही. पारद वा नाग असलेले रसकल्प तर या काळात दूरच ठेवावेत.

चरकाचार्यांनी अपस्मारात तीक्ष्ण शोधन, नस्य व अंजन सांगितले आहे. ते शल्यकर्म झालेल्या रुग्णास उद्देशून नव्हे. वमनाने शिरोगत दाब वाढतो आणि पोटातील गोळीही बाहेर पडते. विरेचनाने औषधाच्या शोषणाचा भरवसा राहत नाही. लंघन व जागरण हे दोन्ही वेगास आमंत्रण आहेत. नस्य शल्यविदांच्या संमतीवाचून करूच नये. शल्यकर्मानंतर नाकातून स्वच्छ पाण्यासारखा स्राव येऊ लागल्यास तो प्रतिश्याय नसून मस्तिष्कजल असू शकते. अशा वेळी नाकात काहीही न घालता रुग्णास तत्काळ रुग्णालयात परत पाठवावे. ज्वर, मान ताठणे, व्रणातून स्राव, वाढती शिरोवेदना व छर्दी, नव्याने आलेले अंगाचे दौर्बल्य, एका पोटरीची सूज यांनाही हाच नियम लागू. व्रण पूर्ण भरून येईपर्यंत शिरोभ्यंग व शिरोधारा नको.

मग वैद्याने करावे काय? पुष्कळ आहे. छेद शंखप्रदेशी घेतलेला असतो. सुश्रुताने शंख हे सद्यःप्राणहर मर्म मानले आहे, आणि तेथील पेशी उलगडून कवटी उघडावी लागते. त्यामुळे काही आठवडे तोंड पुरते उघडत नाही आणि चावताना वेदना होते. नातेवाईक यास नवाच वातविकार समजून घाबरतात. त्यांना कारण समजावून सांगावे आणि पेया, मऊ भात, मुगाचे यूष, तूप, शिजवलेली भाजी असा आहार ठरवून द्यावा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण कुंथणे हितावह नाही; त्यासाठी मनुका, कोमट पाणी व दूध-तूप बहुधा पुरते. थकवा अपेक्षेपेक्षा अधिक असतो. दिवसा थोडी निद्रा घेऊ द्यावी, परंतु रात्रीची झोप नियमित असावी. घरातल्या घरात चालणे रोज थोडे थोडे वाढवावे. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया असल्यास नावे व शब्द आठवण्यास विलंब लागतो, आणि काहींना दृष्टीच्या वरच्या कोपऱ्यात एका बाजूचे दिसत नाही. जिना उतरताना सोबत असावी.

मनाकडे बहुधा कोणाचे लक्ष नसते. वेग थांबल्यावर घरात आनंद असतो. रुग्ण मात्र तीन-चार महिन्यांत खिन्न होतो, चिडतो, रडतो. काहींच्या बाबतीत लेव्हेटिरासेटम या औषधानेही चिडचिड वाढते. वर्षानुवर्षे ‘आजारी’ म्हणून जपलेल्या माणसाकडून एकाएकी नोकरी, लग्न अशा अपेक्षा होऊ लागतात, हेही एक कारण. मरणाचे विचार बोलून दाखवल्यास ते हलके न घेता त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्यावे.

पाणी, अग्नी, वृक्ष, पर्वत यांपासून अपस्मारी रुग्णास सदैव जपावे, असे चरकांनी चिकित्सास्थानात सांगितले आहे. आजच्या भाषेत विहीर, नदी, गॅसची शेगडी, गच्ची आणि दुचाकी. वेग आलाच तर कांदा वा चप्पल हुंगवणे, दातांत चमचा घालणे यांपासून घरच्यांना परावृत्त करावे. रुग्णास कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत वेग न थांबल्यास रुग्णालय गाठावे.

औषधी दुकानदारांसाठी एक स्वतंत्र सूचना. शस्त्रक्रियेनंतरच्या डोकेदुखीवर घरचे लोक प्रथम बाम मागतात. कापूर व नीलगिरी तेल ही दोन्ही वेग उत्पन्न करू शकणारी द्रव्ये आहेत आणि बहुतेक बामांत ती असतात. तसेच नाव व घटक न लिहिलेली ‘फिट्सची पुडी’ कोणी विक्रीस आणून दिल्यास ती ठेवू नये. अशा चूर्णांत फेनोबार्बिटोन मिसळलेले पूर्वी आढळलेले आहे. आधीच तीन गोळ्या घेणाऱ्या रुग्णास ती पुडी दिली, तर बेशुद्धीचे कारण शोधणे रुग्णालयालाही कठीण जाते.

वर उल्लेखिलेल्या तरुणास मी औषध दिले नाही. गोळ्यांच्या वेळांचा तक्ता वडिलांकडून लिहून घेतला, आहार सांगितला आणि दर पंधरवड्यास येण्यास सांगितले. प्रथम त्यांना ते फारसे रुचले नाही. तिसऱ्या भेटीत मात्र तेच म्हणाले की पोरगा रात्रीचा जागतो आणि कोणाशी बोलत नाही. आणि तेथून पुढे आमचे खरे काम सुरू झाले.